रेघेच्या खालची वीतभर जागा

देशाच्या परराष्ट्र धोरणाची जेवढी काळजी माझ्या बायकोच्या मामांनी वाहिली, तेवढी दिल्लीतल्या एखाद्या मंत्र्यानं वाहिली असती तर तो पहिल्याच अधिवेशनात अंथरुणाला खिळला असता. मामा मुळातच काळजीखोर. गावाकडची एसटी आठची असली तर हे सहालाच ठाण्यातल्या खोपटच्या डेपोत हजर, आणि गाडी आधीच सुटून गेली नाही ना, हे कंट्रोलरला तीनदा विचारून झालेलं. गॅस बंद केला का बघायला ते जिन्यातून परत यायचे, आणि गॅस बंद आहे असं दिसलं की आता कुलूप नीट लागेल का, ही काळजी सुरू व्हायची. पण ह्या झाल्या घरगुती काळज्या. त्यांची खास राखून ठेवलेली काळजी असे ती सीमेपलीकडची. शेजारच्या कुठल्या देशात लष्करानं सत्ता घेतली, की मामी त्या दिवशी आमटीत मीठ कमी घालायच्या, कारण मामांचं ब्लडप्रेशर वाढणार हे ठरलेलंच असायचं.

वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीच्या नाक्यावर खडूनं लिहायचे दोन काळे फळे होते. एक मामांच्या पक्षाचा, दुसरा समोरच्या इमारतीतल्या गुरुजींच्या पक्षाचा. मामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर, आणि गुरुजी चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दोघंही रोज सकाळी आपापला फळा लिहायचे आणि त्यावर एकमेकांची सालटी काढायचे. नळाला पाणी नाही याचं खापर मामांनी गुरुजींच्या पक्षावर फोडलं, की दुसऱ्या दिवशी गुरुजी रंगीत खडूनं एक कोरडा नळ काढून त्याला मामांच्या आमदारासारख्या मिशा लावायचे. कुठल्याशा निवडणुकीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. कारण विचारलं तर दोघंही सांगत नसत. मला वाटतं, दोघंही ते विसरले होते.

मात्र दोन्ही फळ्यांवर, खाली वीतभर जागा सोडून, ऑइलपेंटची एक आडवी पांढरी रेघ होती. रेघेच्या वर वाटेल ते लिहावं. रेघेच्या खाली फक्त परदेशाचा मामला, आणि तो दोन्ही फळ्यांवर शब्दाला शब्द एकच. अबोला धरण्यापूर्वी कधीतरी दोघांनी तसं ठरवलं होतं आणि अबोल्यातही ते मोडलं नव्हतं. "जावईबापू, घरात आपण एकमेकांच्या उरावर बसू. पण दारात परका उभा राहिला की आतून आवाज एकच यायला हवा," असं मामा मला समजवायचे, आणि लगेच आवाज खाली आणून विचारायचे, "दिल्लीत त्यांना कळत असेल ना हो हे?" मी बँकेतला साधा कारकून. पण दिल्लीतलं मला ठाऊक असणार, अशी त्यांची पक्की समजूत होती.

बोलणं बंद असल्यामुळे मसुद्याची ने-आण कोलशेतहून मासळी घेऊन येणारी मावशी करायची. दोन्ही घरं तिची गिऱ्हाइकं. मामांचा कागद बोंबलाच्या वासासकट समोरच्या इमारतीत जायचा आणि दुरुस्त्या होऊन परत यायचा. लंकेत आपलं सैन्य गेलं तेव्हा नुसती 'चिंता' लिहायची की 'तीव्र चिंता', यावर त्या कागदानं तीन दिवस हेलपाटे घातले. शेवटी मावशी वैतागली. "गुरजींनी परत तो शबुद खोरलाय," ती म्हणाली. "आता मी मावरं इकू का तुमचं कागुद फिरवू?" मामांनी निमूटपणे 'तीव्र' काढून टाकला.

पुढे दिल्लीतलं सरकार बदललं. मामांचा पक्ष विरोधात गेला आणि गुरुजींचा सत्तेत आला. रेघेच्या वर दोघांनी एकमेकांची जुनी वाक्यं बिनदिक्कत उचलली. खालच्या मजकुराची पद्धत मात्र होती तशीच चालू राहिली.

मग नव्वद साली इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. मामांचा एकुलता एक मुलगा विलास तिथे एसी दुरुस्तीच्या कामाला होता. फोन बंद, पत्रं बंद. दुसऱ्याच दिवशी मावशीच्या टोपलीतून कागद गेला आणि एकही शब्द न खोडता परत आला: 'आखातातील भारतीयांसाठी सर्व पक्षांनी सरकारच्या पाठीशी उभे राहावे.' मामांच्या पक्षातले लोक घरी येऊन बसले. सरकारला झोडायची अशी संधी परत येणार नाही, आणि तुमचं तर घरचंच प्रकरण आहे, असं म्हणाले. मामा त्यांना एवढंच म्हणाले की रेघेच्या खाली ते होणार नाही.

तीन आठवडे गेले. मामा गॅस बघायला परत येईनासे झाले. एकदा तर दार सताड उघडं टाकून कामाला गेले. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या काळज्यांना हसत आलो होतो. त्या उघड्या दारासमोर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्याच सुमाराला शहाडचा एक मुलगा कुवेतहून सुटून आला. मामा आणि मी त्याला भेटायला गेलो. विलासच्या इमारतीतली माणसं एका ट्रकमधून वाळवंटाच्या दिशेनं निघाली, पुढचं काही ठाऊक नाही, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मावशीची वाट न पाहता, समोर कागद न पाठवता, मामांनी रेघेच्या खाली लिहिलं: 'या सरकारने आमची मुले वाळवंटात सोडली.' आयुष्यभर टाइपासारखं लिहिणाऱ्या माणसाची ओळ वाकडी गेली होती. लिहून झाल्यावर ते माझ्याकडे न बघता घरी निघून गेले.

मी तिथेच थांबलो. थोड्या वेळानं गुरुजी आले. त्यांनी मामांचा फळा वाचला. ठरलेलं मोडलं म्हणून मामांना वसाहतीसमोर उघडं पाडायची आयती वेळ चालून आली होती. गुरुजींनी आपल्या फळ्याचा खालचा भाग पुसला आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: 'या सरकारने आमची मुले वाळवंटात सोडली.'

"गुरुजी, सरकार तुमचं आहे," मी न राहवून म्हणालो.

"खालचं दोन्हीकडे एकच असतं," गुरुजी म्हणाले आणि हाताचा खडू झटकून घरी गेले.

दुपारपर्यंत त्यांच्या पक्षानं फळा लिहायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. मी मामांना सांगितलं तेव्हा ते बनियनवरच खाली आले, गुरुजींची ओळ दोनदा वाचली, आधी आपल्या फळ्यावरची ओळ तळहातानं पुसली, मग गुरुजींच्या फळ्यावरची, आणि तसेच समोरच्या इमारतीचे जिने चढून गेले. मावशी तेव्हा गुरुजींच्याच दारात होती. ती सांगत होती की दोघं दोन-दोन कप चहा प्यायले आणि मग नव्या मसुद्यासाठी कागद मागून घेतला.

विलास पुढे जॉर्डनमार्गे सरकारी विमानानं सुखरूप आला. त्या दिवशी मामांनी विरोधात बसलेल्या आपल्या पक्षाच्या फळ्यावर रेघेखाली सरकारचे आभार मानले आणि पक्षाची बोलणी खाल्ली. गुरुजींच्या फळ्यावर नव्या माणसानं ती रेघच रंगवून टाकली. गुरुजी मात्र मामांचा मसुदा तपासतच राहिले. गुरुजी आपल्या मुलाकडे शहाडला राहायला गेल्यावर हा कारभार पोस्टकार्डावर चालू झाला, त्यामुळे आमच्या फळ्यावर परदेशी घडामोडी आठवडाभर उशिरा घडू लागल्या. पुढे एकदा सरकारनं देशाची बाजू मांडायला चक्क विरोधी पक्षाचा नेता परदेशी पाठवला, तेव्हा मामा पेढे घेऊन शहाडला गेले. दिल्लीला कळायला जरा वेळच लागला, असं गुरुजी म्हणाल्याचं त्यांनी मला येऊन सांगितलं. इतके निर्धास्त मामा मी त्याआधी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही नाही.

दोन वर्षांनी गुरुजी गेले. मामा फळा लिहीत राहिले, पण रेघेच्या वरच. सीमेवर काही खुट्ट झालं की घरात येरझाऱ्या घालायचे, मामी आमटीत मीठ कमी घालायच्या, पण खाली एक अक्षर नाही. मी एकदा म्हटलं की मामा, आता तुम्हीच लिहा, तुम्हाला अडवणारं कोण आहे?

"म्हणून तर लिहीत नाही," ते म्हणाले. "तो एकट्यानं लिहायचा भाग नाही, जावईबापू."

आणि रोज सकाळी, वरचं लिहून झालं की, ती खालची कोरी जागा ते ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून ठेवायचे.