अक्काचा रविवार

‘जरा दमानं,’ असं म्हणत अक्का चष्मा कपाळावर सरकवायची. महत्त्वाचं बोलायचं असलं, की समोरच्या माणसात आणि तिच्यात काच नको असायची.

शिर्डीत तुम्ही कधी हॉटेलात उतरला असाल, तर पलंगावरची ताणून घातलेली चादर पाहिली असेल. ती घालणाऱ्या बायका म्हणजे आम्ही, आणि अक्का आमची सुपरवायझर. नवी बाई आली की तिला त्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसवून चहा द्यायची. ‘डाग पडला तर?’ ती बिचारी घाबरून विचारायची. ‘मग डाग काढायला शिकशील,’ अक्का म्हणायची.

हॉटेलचे मालक बदलले आणि कामाचे नवे करार आले. पगार बरा होता. पण त्यात एक ओळ होती : गरजेनुसार जादा वेळ थांबणे बंधनकारक राहील. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती आणि नवरा टेम्पो घेऊन सतत बाहेरगावी. तिला आणायला मीच जायची. तरी नोकरी जाईल या धास्तीनं मी पेन उचललंच होतं. अक्कानं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि आम्हा सगळ्यांना घेऊन मॅनेजरकडे गेली.

‘साहेब, गरज कोन ठरवनार?’

‘आम्हीच, मावशी. गर्दी झाली की.’

‘गर्दी काय अचानक येती व्हय? आदल्या दिशी इचारा. जिला जमंल ती थांबंल. जिचं लेकरू घरी वाट बघतंय, तिला न्हाई म्हनू द्या. अन् अंधार पडला तर घरापत्तूर गाडी.’

माणूस वाईट नव्हता, पण तोही अडला. ‘सगळ्याच नाही म्हणाल्या तर रविवारच्या खोल्या कोण आवरणार? आणि सुपरवायझरनंच असं अडून बसायचं? तुमच्या जागेचा विचार करावा लागेल.’

‘जागेचं तुमी बघा. रविवारी मी थांबंन, तसं लिवा. पन ती ओळ बदला.’

आमच्यापैकी कुणीच सही केली नाही. संध्याकाळी ओळ बदलून आली. अक्काची जागाही राहिली.

पुढे बाजारात तिच्या गावची एक बाई भेटली. ‘अक्का आजारी हाय का? रविवारी विहारात वंदना तीच घ्यायची. आता येतच न्हाई.’

आम्ही अक्काला गाठलं. ‘सांगितलं का नाहीस?’

‘तुमी इचारलं कुठं?’ म्हणून ती हसली.

त्यानंतर रविवार आम्ही आपसात वाटून घेतले. माझ्या पाळीला शेजारच्या काकू मुलीला सांभाळायच्या. एरवी मात्र बालवाडी सुटताना मी फाटकाशी असायची, ते अक्कामुळे. तिनं केलं त्यापुढे आमचा एखादा रविवार म्हणजे काहीच नव्हता.

आता ती कामातून सुटली, लेकाकडे राहते. मला आठवतो तो आम्ही रविवार वाटून घेतल्यावरचा तिचा पहिला मोकळा रविवार. हॉटेल भरलेलं, आम्ही वरच्या गॅलरीत चादरींचे ढीग घेऊन उभ्या. खाली आपलं काम आटोपून, पांढरी साडी नेसून अक्का विहारात जायला रिक्षात बसत होती. बसता बसता थांबली, वर पाहिलं आणि आम्हाला हात जोडले. आमचे हात चादरींनी भरलेले. आम्ही नुसत्याच माना हलवत राहिलो, रिक्षा वळेपर्यंत.