मयतीच्या दुकानाची तारीफ

आमच्या भंडाऱ्यातल्या व्यापारी ग्रुपची मीटिंग दर बुधवारी सकाळी भरते. तर्री-पोहे खायचे, एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं आणि शेवटी उभं राहून एकमेकांची तारीफ वाचायची. तिला टेस्टिमोनियल म्हणतात. ऑर्डर मिळालेल्यानं उठून म्हणायचं, "धन्यवाद, लवकरात लवकर सेवा देईन."

माझं कोशाच्या रेशमी साड्यांचं दुकान. चार ओळी बऱ्या लिहिते, हाच माझा गुन्हा! सगळे मलाच धरतात. तारीफ यांनी करायची, डोकं मी खाजवायचं. एकदा कागदांची अदलाबदल झाली आणि एका पठ्ठ्यानं बोअरवेलवाल्याची तारीफ म्हणून केकवालीची वाचली: "आतपर्यंत मऊ आणि गोड." तरी टाळ्या पडल्या. ऐकतं कोण बाप्पा!

नियम मात्र कडक. ज्याची सेवा स्वतः घेतली, त्याचीच तारीफ. आणि वर्षभरात एकही तारीफ मिळाली नाही, तर पुढच्या वर्षी खुर्ची नाही.

आता आमच्यात एक भाऊ मयतीचं सामान विकणारा. बांबू, मडकं, कोरं कापड, गोवऱ्या, सगळं एका फोनवर घरपोच. माणूस सोन्यासारखा. पण "समाधानी आहे, पुन्हा नक्की येईन" असं कोण म्हणणार? त्याच्या बाजूला कुणी बसायचंसुद्धा नाही. वर्ष संपत आलं तसा तो माझ्या दुकानात आला.

"ताई, मले काढून टाकून राहिले. पोरीले मोठ्या आनंदानं सांगतलं होतं, तुझा बाप आता चार लोकांत बसते म्हणून. आता तिले काय सांगू?"

मला असा राग आला त्या नियमाचा! कागद ओढला, पण लिहू काय? आमच्या घरी देवाच्या दयेनं सगळे धडधाकट.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, मागं बंगईवर झोके घेत ऐकत होते. ऐंशी उलटलेली, मूळचे सानगडीचे. कुठं मयत झाली की हे पहिले हजर. लोक पंगतीत भाजीला नावं ठेवतात, हे तिरडीला ठेवतात.

"कायले एवढा विचार करून राहिली? बुधवारी मी येतो."

"मामाजी, सेवा घेतलेला माणूस पायजे."

"मंग? मेलेला येऊन सांगन काय? वजन खांदा देणाऱ्याले समजते!"

बुधवारी धुतलेलं धोतर, टोपी घालून मामाजी उभे राहिले. मी कशाबशा चार ओळी लिहून दिलेला कागद त्यांनी खिशातून काढलाच नाही.

"याच्या दुकानची तिरडी म्या लय वेळा उचलली. दोरी कधी ढिली नाही, बांबू कधी करकरला नाही. माझा जुना सोबती गेला, तं पोरं बाहेरगावी, खांद्याले माणसं नाहीत. हा सामान द्याले आला आन् चौथा खांदा देऊन संग चालला. म्हणून आजच सांगतो, माझी ऑर्डर यालेच. या सूनबाईनं दुसरीकडं फोन केला, तं म्या उठून बसीन!"

माय वो! हॉल असा हसला की अध्यक्षांच्या प्लेटीतली तर्री त्यांच्याच शर्टावर सांडली. ती पुसत ते म्हणाले, "तारीफ मंजूर! भाऊ, ऑर्डर मिळाली. रिवाजाप्रमाणं बोला."

तो उठला. वर्षभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य आज पहिल्यांदा त्याच्या वाट्याला आलेलं. "धन्यवाद. लवकरात लवकर..." म्हणाला आणि जीभच चावली त्यानं. मामाजींकडं वळला. मग हात जोडले.

"बाबूजी, तुमच्या ऑर्डरची मले बिलकुल घाई नाही जी. तुमी फक्त बुधवारी पोहे खाले येत जा."

हसता हसता मला रडू फुटलं. मामाजींनी बाजूची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस इथं."