दोन दिवस आधी

आमच्या शेजारचे मुकादम रुळांच्या दुरुस्तीवर होते. पंचवीस वर्षं रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून चालून त्यांचं पाऊल ठरून गेलं होतं. घरातही तेवढंच पडे. "अहो, इथे स्लीपर नाहीत, जरा माणसासारखं चाला," असं वहिनी म्हणत, आणि ते हसून तसेच चालत.

आजारपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून कामगारांच्या वतीने बोलणी करायला तेच बसले होते. साहेबांनी वर्षाला सहा दिवस कबूल केले, घरच्यांच्या आजारपणालाही. अट एकच, दोन दिवस आधी कळवायचं. मुकादमांना त्यात वावगं वाटलं नाही. रूळ उचलणाऱ्याचं दुखणं म्हणजे पाठ नाहीतर गुडघे, आणि ते दोन दिवस आधीपासूनच कुरकुरू लागतात. त्यांनी सही केली.

पुढच्याच महिन्यात टोळीतल्या एकाची आई तापाने फणफणली. तो घरी निघाला, तर मुकादमांनी अडवलं. "इतक्यात करार मोडलास तर साहेब तो फाडायला टपलेलेच आहेत." आई बरी झाली, पण तो त्यांच्याशी बोलेनासा झाला.

मग एका सकाळी वहिनींच्या छातीत कळ आली. मी गाडी आणली. मुकादम डबा घेऊन दारात उभे होते.

"बाबा, येताय ना?" मुलीने विचारलं.

"रजा मागून येतो."

"जाऊ दे गं," वहिनी म्हणाल्या. "तिथे माझ्यापेक्षा हेच जास्त कण्हतील."

हजेरीच्या खिडकीवर कारकून म्हणाला, "मुकादम, आजची रजा परवा मागायची होती. तुमचीच सही आहे."

मागून तो अबोला धरलेला माणूस म्हणाला, "जा तुम्ही. तुमची हजेरी आम्ही लावतो."

"तुला अडवलं होतं ना मी," मुकादम म्हणाले आणि हातोडा घेऊन कामावर गेले.

इस्पितळात वहिनींनी दोनदा किती वाजले ते विचारलं. दीड वाजता त्या गेल्या. निरोप घेऊन मीच रुळांवर गेलो. मुकादमांनी हातातला बोल्ट पुरता आवळला, मग उठले.

कारकुनाने तीन दिवसांची रजा तिथल्या तिथे लिहिली. घरात मृत्यू झाला तर आधी कळवायची अट नव्हती. ते कलम मुकादमांनीच भांडून घातलं होतं.

"सही नंतर करा," कारकून म्हणाला. "घरी जा."

मुकादमांनी पेन मागून घेतलं.