बादलीचं झाकण

घरी बिअर कशी करायची, असं कुणी विचारलं की मला सरळ उत्तर देताच येत नाही. सरळ उत्तर चार गोष्टींचं आहे: भांडी स्वच्छ ठेवा, ऊब द्या, झाकण उघडू नका, वाट बघा. पण प्रत्येकीमागे आमची एकेक फजिती उभी आहे. रिकाम्या बाटल्यांसारखे हे किस्से साठत गेलेत आणि एकही टाकवत नाही!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. राहायला विलायतेत, स्टॅनमोरला; नोकरी ब्रॅकनेलच्या एका कॉम्प्युटर कंपनीत. ऑफिसातल्या गोऱ्या मंडळींनी हा नाद लावला. माल्टच्या काळ्या पाकाचा डबा, यीस्टची पुडी, साखर आणि झाकणाची मोठी प्लॅस्टिकची बादली, एवढाच संसार. भागीदार शिरीष, माझा कॉलेजपासूनचा मित्र, दोन रस्ते सोडून राहणारा.

अडचण एकच होती. त्या मे महिन्यात आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली. "तुझ्या बाबांनी जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही," हे ती दर दोन दिवसांनी ऐकवायची. बाबा संस्कृतचे मास्तर. त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. पोरगा घरात दारू गाळतो हे तिला कळलं असतं तर ती ओरडली नसती, पुढच्या विमानाने परत गेली असती. म्हणून बादलीत व्हिनेगर आहे असं ठरलं. पण आई जिन्यावर दिसली की मी बादलीसमोर जाऊन उभा राहायचो. मुळात मी उतावळा, त्यात ही धास्ती. घरात एका जागी बसवेना.

*

आमचे गुरू शेजारच्या पिनरचे गायकवाडसाहेब. रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात सगळ्यांत पुढे असणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मी पंचशील पाळतो. थेंबही घेणार नाही. पण केमिस्ट्री विचारा, हवी तेवढी सांगतो."

बादली, चमचा, नळी, सगळं निर्जंतुक करायचं, हा त्यांचा पहिला धडा. शिरीषने मान डोलावली आणि आमटीच्या पळीने बादली ढवळली. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर हिंगाचा वास!

साहेबांनी ग्लास हुंगला. म्हणाले, "याच्याबरोबर भात घ्या." मग डोकं धरून बसले. "अरे, या बादलीचं सोवळं असतं! सोवळ्यातली पळी वेगळी, आमटीची वेगळी!"

आणि स्वतःच हसायला लागले. "आयुष्यभर सोवळ्याविरुद्ध भाषणं केली, आणि तुमच्यापायी आज तेच शिकवायची पाळी आली!"

*

पुढच्या खेपेला शिरीषचं डोकं चाललं. प्रत्येक वेळी यीस्टची नवी पुडी कशाला? विरजण ठेवतो तसा तळातला गाळ ठेवायचा की! कल्पना चुकीची नव्हती. साहेबसुद्धा म्हणाले, चालेल.

फक्त शिरीषने तो गाळ आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. त्याच्या बायकोचं, मेधाचं, दह्याचं विरजणही आइस्क्रीमच्या डब्यातच होतं. आपल्या कुठल्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम असतं?

रविवारी पाहुणे जेवायला. दूध काही लागलं नव्हतं आणि त्याला पबचा वास येत होता. तिकडे बादलीत आंबट ढोण पाणी. मेधाने दोन्ही डबे शिरीषच्या पुढ्यात आपटले. शिरीषने घाबरत साहेबांना फोन केला, "आता काय करू?"

"बेसन लावा आणि कढी करा."

*

जुलैत आईने सत्यनारायण घातला. मी आदल्या आठवड्यात बाटल्या भरून जिन्याखालच्या कपाटात लपवल्या होत्या. साहेबांनी बजावलं होतं, "हायड्रोमीटरवरचा साखरेचा आकडा दोन दिवस हलला नाही, की मगच भरा. आणि बाटलीला फेसापुरती साखर, अर्धा चमचा." पण मला कुठला धीर! आकडा अजून उतरत होता. साखर घातली ती चहाच्या हिशेबाने, दोन-दोन चमचे.

आरती रंगात आली आणि कपाटात पहिला धडाका झाला. मग दुसरा. मग तर माळच लागली! शिरीष झांज जोरजोरात वाजवायला लागला. दाराच्या फटीतून फेस हॉलमध्ये यायला लागला.

"काय गं फुटलं?" आईने विचारलं.

"पाइप हो, आई," माझी बायको सुनंदा म्हणाली. "सेंट्रल हीटिंगचे."

"जुलैत?" आई म्हणाली, आणि प्रसाद वाटायला लागली.

*

ऑक्टोबर संपत आला. आई जायला आठवडा राहिला होता आणि तीन आठवड्यांवर शिरीषची चाळिशी. त्याला एकदा तरी पिण्यासारखी बिअर पाजायची, असा मी हट्टच धरला होता. सगळं सोवळ्यात केलं आणि बादली गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली. दुसऱ्याच दिवशी बॉयलर बंद पडला! दुरुस्तीवाला गुरुवारी येणार होता. कपाट गारठलं, बादली गप्प. मी तासातासाला झाकण उघडून बघत होतो.

ऑफिसातूनही चैन पडेना. दर तासाला सुनंदाला फोन. "काही हालचाल? अजून नाही? मी येऊ का घरी?" शेवटी शेजारच्या टेबलावरचा गोरा उठून आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाला, "पहिलंच मूल का?"

संध्याकाळी घरी आलो आणि बुटांसकट वर धावलो. कपाट उघडलं. बादली नव्हती.

आईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ती पलंगावर जपमाळ घेऊन बसली होती. तिच्या पायाशी बादली, तिच्या काश्मिरी शालीत नीट गुंडाळलेली, बाजूला गरम पाण्याची पिशवी. आणि आतून बारीक बुडबुड ऐकू येत होती.

"आई, ते व्हिनेगर..." म्हणत मी झाकणाकडे हात नेला.

आईने माळ न थांबवता माझ्या हातावर चापट मारली.

"झाकण उघडू नकोस! तुझे बाबाही असेच, दहा वेळा उघडून बघायचे. म्हणून दर वेळी आंबट व्हायची."