बर्फाच्या खणातली काडेपेटी

नापास करण्यात आमच्या साडूंइतका आनंद मानणारा माणूस अख्ख्या मुलुंडात शोधून सापडला नसता. शाळेतला मास्तरसुद्धा कधीतरी ग्रेस मार्क देतो. साडूंकडे ती सोयच नव्हती. ते सरकारच्या शस्त्र-तपासणी खात्यात होते, आणि त्या वर्षांत सैन्यासाठी नवी रायफल यायची होती, तिची नि तिच्या गोळ्यांची चाचणी त्यांच्याकडे होती. रायफल चिखलात पुरायची, मिठाच्या पाण्यात बुडवायची, उंचावरून टाकायची आणि मग तिच्यातून गोळी झाडून बघायची. गोळ्या काही तापवायच्या, काही गोठवायच्या. याचा त्यांना पगार मिळायचा! मी साकीनाक्याला प्लास्टिकचे डबे काढणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. सासरच्या पंगतीत मला कोण काय विचारणार? सासरे साडूंकडे बघून मालवणीत म्हणायचे, "जावय असो होयो!" आणि दुसरा जावई, म्हणजे मी, मुकाट्यानं भातावर आमटी घ्यायचो. जळायचो, सरळ सांगतो.

घरातही त्यांची तीच तऱ्हा. नवी छत्री आधी बादलीत बुडवायची, नव्या चपला कुंडीतल्या चिखलात पुरायच्या. आंब्याच्या पेटीतला वरचा थर ते बघायचेच नाहीत, तळातले निदान पाच आंबे काढायला लावायचे. "एका नमुन्यावर निकाल देत नसतात रे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका दिवाळीत मी आमच्या कारखान्याचे पाच डबे त्यांना मोठ्या कौतुकानं दिले. त्यांनी सगळ्यांदेखत पाचांतही तांदूळ भरले आणि एकेक ओट्यावरून खाली टाकला. स्वयंपाकघरभर तांदूळच तांदूळ. "झाकण नापास," साडू म्हणाले, तेही अगदी मायेनं. माझी बायको हसली, ते मला जास्त लागलं.

एकाच बाबतीत मी त्यांच्या पुढे होतो. फ्रीज आमच्याकडे आधी आला. त्यामुळे साडूंना आमची पायरी चढावी लागायची. काडेपेटी बर्फाच्या खणात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काढून काडी ओढायची, हा त्यांचा छंद. "गोळीचं पण असंच असतं. तिकडे बर्फात पोराच्या हातात ती पेटलीच पाहिजे," ते सांगायचे, आणि माझा नितीन तोंडाचा आ करून ऐकायचा. डब्यांबद्दल त्यानं मला उभ्या जन्मात एक प्रश्न विचारला नाही. बारावी झाल्यावर तो फौजेत जातो म्हणाला, तेव्हा मी बायकोला स्पष्ट सांगितलं, "तुझ्या भाऊजींनी माझा मुलगा पळवला."

ट्रेनिंग संपवून नितीन सुट्टीवर आला, आणि पोस्टिंग लागलं ते थेट बर्फात. निघायच्या दिवशी साडू आले. नितीननं विचारलं, "काका, नवी रायफल मिळणार ना मला?"

"अजून नापास आहे. गारठ्यात अडकते. वरचे घाई करतायत, पण मी सही देत नाही."

"म्हणजे जुनीच?"

"जुनी वजनाला जड आहे, पण दगा नाही देणार."

मग त्यांनी नितीनची ट्रंक कमरेइतकी उचलली आणि धाडकन खाली सोडली. कडी शाबूत राहिली. नितीन हसत पुढे झाला. "आणि मी? मी पास का, काका?"

साडूंनी दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला. "तुझी चाचणी नको रे. नमुना एकच आहे आमच्याकडे."

बाप मी होतो आणि हे वाक्य त्यांना सुचलं. तेव्हासुद्धा मला त्यांचा हेवाच वाटला.

त्या हिवाळ्यात ते रोज संध्याकाळी यायचे. काडेपेटी आता मीच खणात ठेवायचो, मीच काढून द्यायचो. काडी पेटली की म्हणायचे, "पेटली." एखादी नाही पेटली, तर माझ्याकडे न बघता ती खिशात टाकायचे, दुसरी ओढायचे आणि तेवढ्याच ठाम आवाजात म्हणायचे, "पेटली."