उंबऱ्यावरची सुपारी

माझ्या माहेरी पीनसावर औषध होतं. नाक सदा चोंदलेलं, कपाळ ठणकतंय, खाली वाकलं की डोळ्यांमागं कळ येतीय, अशा माणसाला आई ते द्यायची. लग्न होऊन मी नांदूरघाटला निघाले तेव्हा तिनं एक पुरचुंडी बांधून दिली आणि दोन नेम सांगितले. औषधाचं नाव कुणाला सांगायचं नाही, गुण जातो. आणि न मागता कुणाला द्यायचं नाही. दुखणेकऱ्यानं रविवारी सकाळी हळद लावलेली सुपारी उंबऱ्यावर ठेवायची, स्वतःच्या तोंडानं मागायचं, मगच द्यायचं. ती सुपारी महादेवाला वाहायची, घरात खायची नाही.

तेव्हा मोगलाई होती, निजामाचं राज्य. दवाखाना पार बीडला, बैलगाडीत जायचं म्हणजे बरं असलेलं माणूसही आजारी पडायचं. त्यामुळं रविवारी माझ्या दारात कुणी ना कुणी नाक धरून बसलेलं असायचंच. बाकीचे उपाय मी कुणालाही फुकटच्या तोंडानं सांगायची. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून कपाळ शेका, वेखंड न् सुंठ उगाळून लेप द्या, हुलग्याचं गरम माडगं प्या न् पांघरूण घेऊन पडा. त्यांना नेम नव्हता. नेम त्या पुडीला होता, आणि त्या पुडीमुळं गावात मला मान होता. खोटं कशाला बोलू, मला तो मान लई आवडायचा.

सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. त्यामुळं घरात माझाच हुकूम. त्यात धाकटी जाऊ आली, कडा गावाकडची. पोर गुणाची, हाताला चलाख, पण सदा नाक ओढायची. सर्दी म्हणायची, आम्हीही सर्दीच समजलो.

आमचं किराण्याचं दुकान. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या बाया तूप घेऊन यायच्या. ते हुंगून घ्यायचं काम आम्हा बायकांचं. एका बाजाराला माझ्या हातात पीठ होतं, म्हणून मी धाकटीला पाठवलं. तिनं मडक्यात नाक घातलं, ‘चांगलं हाय’ म्हणाली आणि तूप मोठ्या डब्यात ओतलं. ते खवट निघालं. सगळा डबा नासला. पुढच्या बाजारी एका गिऱ्हाइकानं चारचौघांत तांब्या आणून आपटला, ‘लिंगायताचं दुकान न् असलं तूप?’ म्हणाला. आमचे मालक खाली मान घालून बसले.

मी घरात येऊन तोंड सोडलं. ‘नाक कावून दिलंय ग देवानं? नुसती नथ अडकवायला?’ उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्या आईबापापर्यंत गेले. त्या दिवसापासून आम्ही अबोला धरला. एका चुलीवर रांधायचो, एका आडावर पाणी भरायचो, आणि बोलायचं ते भिंतीशी. ‘कुणीतरी मीठ टाका म्हणावं.’ आधी कोण बोलतं यावर दोघी अडून बसलेल्या.

असेच दोन-तीन महिने गेले असतील. एक दिवस मी ओसरीवर डाळ पाखडत होते, तर चिंधी जळल्याचा उग्र वास आला. आत धावले. चुलीशेजारचं फडकं धुमसत होतं, धुराची रेघ वर चाललेली, आणि ही त्याच्याकडं पाठ करून बिनघोर भाकरी थापत होती. मी फडक्यावर पाणी ओतलं तेव्हा ती दचकली. फडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. चेहरा पांढराफटक.

तेव्हा मला सगळं उमगलं. तिला वास येत नव्हता. ही दूध बघून उतरवते, फोडणी रंगावरून ओळखते, भाजीवर तीनतीनदा वाकते, ते सगळं ध्यानात आलं. माहेरच्यांनी हे सोयरीक मोडेल म्हणून लपवलेलं असणार. मी आमच्या मालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, ‘मग दे की औषध. गावाला देतीस.’

मी म्हणाले, ‘मागू द्या की तिला. तोंड न्हाई का?’

नेम माझ्या बाजूनं होता ना! नेमाच्या आडून माझा राग किती सुखानं बसला होता, ते आता कळतं.

तिला दिवस गेले होते. पाचवा महिना असेल. एका रविवारी सकाळी मी ताक घुसळत बसले होते. उंबऱ्यापाशी पावलं थांबली. बघितलं तर धाकटी. मुठीतून तिनं सुपारी काढली, हळद लावलेली, आणि उंबऱ्यावर ठेवली. त्याच घरात राहणारी बाई, मागच्या दारानं बाहेर जाऊन पुढच्या दारी परक्यासारखी आली होती. तिचे ओठ हलले. आवाज काही फुटला नाही. मला दिसत होतं, मागायला आलीय. एक ‘काय ग?’ म्हणाले असते तरी बस होतं. मी रवी जोरात फिरवायला लागले.

ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मी उठले, सुपारी उचलली आणि दुकानाच्या सुपारीच्या डब्यात टाकली. मागितलंच नाही तर महादेवाला कशाला वाहायची, असा माझा न्याय!

सातव्यात ती माहेरी गेली. तिथं थंडीत दुखणं बळावलं, असा निरोप आला होता. लेक तीन महिन्यांची झाल्यावर परत आली. गाडीतून उतरली, सरळ माझ्याकडं आली आणि लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. अबोला तिनंच मोडला.

‘आक्का, हुंगून सांगा ना, कसा वास येतो हिचा? आपलं भांडण झालं तवा मला एखाद्या दिशी तरी येत हुता वास. आता पार गेला. लेकीचा एकदाबी घेतला न्हाई.’

मी लेकरू तसंच तिच्या हातात दिलं आणि फडताळाकडं पळाले. कसला रविवार न् कसली सुपारी. महिनाभर पुडी दिली, वर कोमट तुपाचे थेंब, शेक, वाफारा, लेप. शिंकून शिंकून बिचारी बेजार झाली. डोकं हलकं झालं, कपाळ दुखायचं थांबलं. वास मात्र आला नाही. माझं सगळं वरातीमागून घोडं. आधी दिलं असतं तर आला असता का? कुणास ठाऊक. मला तर वाटतं, आला असता.

त्या औषधाचं नाव आता मी सांगूनच टाकते. ओढ्याचं पाणी आटलं की गाळात उगवते ती नाकशिकणी. सावलीत वाळवायची, वस्त्रगाळ करायची, चिमूटभर हुंगायची. गुण जायचा असेल तर जाऊ द्या, मला असला गुण नको.

पुढं आम्ही दोघी सख्ख्या बहिणींसारख्या राहिलो. सुपारीचा विषय कधी निघाला नाही. मला वाटलं, ती विसरली. बघता बघता तिच्या लेकीचं लग्न झालं, लेक बाळंतपणाला आली. बाराव्या दिवशी मी लेकराला न्हाऊ घातलं, वेखंड लावलं, ओव्याची धुरी दिली. धाकटी उंबऱ्यापाशी येऊन बसली. पदराची गाठ सोडली आणि हळद लावलेली सुपारी उंबऱ्यावर ठेवली.

‘आक्का, आज तोंडानं मागते,’ ती हसत म्हणाली. ‘त्या टायमाला बोलाया जमलं न्हाई. दुसऱ्या दिशी पान लावताना डब्यात ती सुपारी मलाच घावली. हळदीवरून वळखली. मी परत कुठं ठिवणार? खाऊन टाकली.’

मी डोळ्यांना पदर लावला.

‘रडू नका, आक्का. नात कशी वासाला येती तेवढं सांगा.’

मी लेकराच्या टाळूला नाक लावलं. पण रडून रडून माझं नाक गच्च चोंदलेलं. मला कसलाच वास आला नाही.