कूलर आणि काळी काच

त्या मे महिन्यात अख्खं जळगाव पावसाची वाट पाहत होतं आणि मी एकटा तो लांबावा म्हणून अस्वस्थ होतो. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. सुट्टीत तिथल्याच प्रयोगशाळेत पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचे, उन्हापासून वीज करणारे सौर सेल बनवत होतो. काचेवर द्रावण टाकून ती गरगर फिरवायची, नेमक्या क्षणी वरून दुसरा द्रव सोडायचा, मग शंभर अंशांवर तापवायची. थर केसाहून कितीतरी पातळ. जमला तर काळा, आरशासारखा. ओलावा लागला तर धुरकट, बारीक छिद्रांचा. छिद्रं पडली की सेल वाया. ओलावा बाहेर ठेवणारी हवाबंद पेटी आमच्याकडे नव्हती. खानदेशातला कोरडा मे हीच आमची पेटी. शुक्रवारी नमुने मोजणीसाठी पुण्याला न्यायचे होते. ती पाळी चुकली तर पुढची थेट दिवाळीनंतर.

सोमवारपासून प्रत्येक थर धुरकट निघू लागला. वजनं पुन्हा केली, काचा पुन्हा धुतल्या, प्रत्येक थर उजेडाकडे धरून छिद्रं शोधली. ओलाव्याचा मीटर रोज सकाळी आल्याआल्या बघायचो: अठरा टक्के. म्हणजे हवा ठीक. घरी बायको म्हणाली, "आता पोळीसुद्धा उजेडाकडे धरून बघाल."

बुधवारी दुपारी नाना डोकावले. आमचे निवृत्त विभागप्रमुख. शेजारच्या खोलीत पेपर वाचायला येतात.

"हाई काय शे भाऊ? काच शे का दुधावरची साय?"

मी काच बाजूला ठेवली.

"वारा तरी लागतोय ना? सोमवारपासून माझ्या खोलीतल्या कूलरचं तोंड दारातून तुमच्याकडे फिरवलंय. तुमचा घाम बघवेना."

मी मीटरकडे वळलो. छप्पन्न टक्के. कूलर पाण्यावर चालणारा, त्याचा वारा ओला. एप्रिलपासून आमच्याकडे घरोघरी कूलर घरघरतो. तो आवाज कानाला आवाज वाटतच नाही. आणि सकाळी मी बघायचो तेव्हा तो बंद असायचा.

बाहेर चव्वेचाळीस अंश, नानांची सत्तरी उलटलेली. बंद करा म्हणायला जीभ रेटेना. तरी सांगितलं.

"मग आधी बोलायचं ना!" त्यांनी स्वतःच बटण बंद केलं. घरी जा म्हटलं तर ऐकेनात. पेपरने वारा घेत म्हणाले, "हा चालतो ना तुमच्या काचेला?"

मीटर उतरेपर्यंत मी नुसता येरझारा घालत होतो. बावीसवर आल्यावर काच फिरवली, तापवली. काळी झाली. नाना वाकून तिच्यात स्वतःचा चेहरा बघू लागले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता.

"नाना, मागं व्हा!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर.

शुक्रवारी पुण्याच्या गाडीत काचांचा हवाबंद डबा मांडीवर घेऊन बसलो. थर अजून काळाच असेल ना, हे बघायला झाकण उघडावंसं चाळीसगावपर्यंत सारखं वाटत होतं. उघडलं असतं तर ओलावा आत गेला असता. दोन्ही हात झाकणावर दाबून बसून राहिलो.